धक्क्याचा चहा

मेश्रामभाऊंच्या मोटारीच्या डिकीत स्टेपनी नव्हती. तिथे स्टोव्ह, किटली आणि कपबशा होत्या.

आम्ही सेक्टर दोनमध्ये राहायला आलो तेव्हा कारखाना अजून उभा होत होता आणि आमच्या ओळीत मोटार फक्त या शेजाऱ्याकडे होती. एका कंत्राटदाराने गाव सोडताना ती त्यांच्या गळ्यात मारली होती. मधूनच बंद पडायची. भाऊ उतरून बॉनेटवर हात ठेवत आणि म्हणत, "बंद नाई पडली. रुसून राहिली." मग अख्खी ओळ धक्का मारायला धावायची. उपयोग शून्य. शेवटी भाऊ सडकेच्या पलीकडे स्टोव्ह पेटवून सगळ्यांना धक्क्याचा चहा पाजत. गप्पा रंगत. कपबशा विसळून होईस्तोवर गाडी मुकाट्याने सुरू! तिलाच चहाची तलफ येते, असं भाऊंचं ठाम मत. माझंही होत चाललं होतं.

त्यात माझ्या बायकोचे दिवस भरले. दवाखान्यात न्यायला या गाडीशिवाय काही नव्हतं, त्यामुळे माझा जीव टांगणीला. कळा सुरू झाल्या, निघालो आणि अर्ध्या वाटेत बाईसाहेब रुसल्या. भाऊंनी घाबरून पेट्रोल बघायला टाकीचं झाकण ओढलं, तर सूंऽऽ करत हवा आत गेली. लाल धूळ जाऊ नये म्हणून त्यांनीच झाकणाचं हवेचं भोक सायकलच्या ट्यूबचं रबर लावून बुजवलं होतं. कळा सोसत बायको म्हणाली, "भाऊ, तुमी तिचं तोंडच बांधलं. ते श्वास कशी घेईन?"

एरवी चहा होईस्तोवर हीच हवा हळूहळू आत झिरपत असणार. रबर काढलं आणि गाडी थेट दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत हे कळल्यावर मी पायरीवर बसून चक्क रडलो.

त्यानंतर गाडी कधी रुसली नाही. भाऊंची बायको लग्नानंतर लवकरच गेलेली, घरात दुसरं माणूस नाही. आता ते एकटेच जात, एकटेच येत. आम्ही हात हलवेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असायची.

बारशानंतरच्या रविवारी ती नेमकी आमच्या दारात बंद पडली. मी टाकीचं झाकण पाहिलं. रबर पुन्हा जागच्या जागी होतं. भाऊ उगाच आकाशाकडे बघत होते.

मला फार बरं वाटलं. मुलगी त्यांच्या हातात दिली आणि ओळीला हाक घातली, "या रे सगळे, भाऊची गाडी रुसून राहिली."

भाऊंचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्या दिवशी स्टोव्ह मी पेटवला.