अप्पांचं भस्म आणि जबाबदार माणूस

गाडी सर्व्हिसिंगला सोडायच्या आदल्या संध्याकाळी आमचे शेजारी शिवलिंगअप्पा गाडीला भस्म लावतात. बॉनेटवर लावलं असतं तर कोणी लक्षही दिलं नसतं. आमच्या गल्लीत सायकलीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना भस्म लागतं. अप्पांचं भस्म लागतं ते बॉनेटच्या आत. ऑइल फिल्टरवर तीन रेघा, एअर फिल्टरच्या काळ्या काठावर तीन रेघा, आणि बाहेर चाकाच्या प्रत्येक नटावर एकेक ठिपका. गाडी परत आली की लुंगी सावरत, हातात टॉर्च घेऊन अप्पा पुन्हा बॉनेट उघडतात. रेघ गेलेली असली तर काम झालं. रेघ जागेवर असली तर त्या वर्कशॉपवाल्याचं काही खरं नसतं.

"महादेव खोटं बोलत न्हाई सर," ते मला सांगतात. "बिल बोलतंय."

मी कॉलेजात शिकवतो म्हणून गल्लीभर 'सर'. अप्पांचं लातूरच्या गोलाई बाजारात भांड्याचं दुकान आहे. विकलेल्या भांड्यावर नाव कोरून दिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी उतरू देत नाहीत. एखादी घाईतली बाई म्हणाली, राहू द्या नाव, की अप्पा मशीन हातात धरूनच विचारतात, "उद्या शेजारणीच्या घरात गेलं तर जबाबदार कोण?"

'जबाबदार कोण' हा त्यांचा श्वासोच्छ्वास आहे. दूध उतू गेलं, जबाबदार कोण? लाइट गेली, जबाबदार कोण? एका लग्नात वरणात मीठ जास्त पडलं, तर अप्पांनी भरल्या पंगतीतून उठून आचाऱ्यांना रांगेत उभं केलं होतं. नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणाला, "अप्पा, मी जबाबदार." तेव्हा कुठं ते पानावर परत बसले, आणि वरण दोनदा मागून घेतलं.

मला पूर्वी या सगळ्याचं हसू यायचं. मग मी स्वतः गाडी घेतली आणि हसू गेलं. फक्त ऑइल बदलायला दिलेली गाडी परत आली ती हॉर्न बंद पडलेली, सीटवर काळ्या तेलाचा अख्खा पंजा, आणि पायाशी कोणाचा तरी पाना. तक्रार केली तर काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "गाडी आली तेव्हाच असं होतं." म्हणजे मी घरून पाना घेऊन, सीटवर पंजा उमटवून, हॉर्न बंद करून त्यांच्या दारात गेलो होतो. आपण पैसे देऊन काम सांगतो आणि वर आपल्यालाच खोटं ठरवलं जातं, ही चीड कशी असते ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी अप्पांच्या पक्षात आहे.

लातुरातल्या सगळ्या वर्कशॉपांशी अप्पांचं भांडून झालं, म्हणून गाडी आता नांदेडला जाते. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एवढ्या लांब सर्व्हिसिंगला जाणारा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही.

भस्माची युक्ती मात्र अप्पांची नव्हे. ती त्यांच्या बायकोची, आमच्या काकूंची. गाडी नवी आली तेव्हा पूजेला काकूंनी बॉनेट उघडायला लावलं. म्हणाल्या, "वरून काय लावायचं? चालतंय ते आतलं." आणि भस्म ओलं करून त्यांनी हाताला लागेल त्या पार्टला तीन बोटं ओढली. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर अप्पांना दिसलं की 'बदललेल्या' फिल्टरवर काकूंची बोटं तशीच आहेत. काकूंना आनंद झाला की देवाची खूण राहिली. अप्पांना मात्र आयुष्यभराचं काम मिळालं.

तेव्हापासून रेघा काकूच ओढायच्या, कारण अप्पांची बोटं जाड, ती आत जायची नाहीत. काकूंचं मधलं बोट लहानपणी विळीवर कापलं होतं, ते वाकडंच राहिलं, त्यामुळे त्यांची मधली रेघ नेहमी मध्ये तुटायची. अप्पा टॉर्च धरायचे आणि आमच्या गच्चीवर दर वेळी तोच संवाद ऐकू यायचा.

"उजेड तिकडं धरा की. माझ्या तोंडावर काय धरून राहिलाव?"

"धरलाय की नीट."

"कुठं नीट? डोळे दिपून राहिले माझे."

गेल्या साली काकूंनी रेघा ओढल्या, गाडी नांदेडला गेली, आणि ती परत यायच्या आत काकू दवाखान्यात गेल्या. त्या परत आल्या नाहीत. अप्पांनी गाडीवर ताडपत्री टाकली. बॉनेट उघडून बघायचंही राहिलं. दुकानाला ते पायी जायला लागले आणि, मला याचंच जास्त वाईट वाटायचं, दूध उतू गेलं तरी काही विचारेनासे झाले. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणायचा, गाडी विकून टाका. शेवटी अप्पा म्हणाले, एकदा सर्व्हिसिंग करून घेतो, मग बघू.

त्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. एका हातात टॉर्च, एका हातात भस्माची डबी.

"सर, या बारीला तुम्ही लावा. माझी बोटं आत जात न्हाईत."

मी एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, झाकण उचललं आणि हात तसाच थांबला. फिल्टरच्या काळ्या काठावर तीन पांढऱ्या रेघा होत्या. मधली तुटलेली.

मी अप्पांकडे बघितलं नाही. आता हा माणूस रडणार, याला काय सांगायचं, असा विचार करत होतो. तेवढ्यात कानाशी गर्जना झाली.

"चोर हायती! बघा सर, बदललाच न्हाई. बिलात लावला आन् बदलला न्हाई! ती तिकडं दवाखान्यात अन् हे इकडं लुटून राहिले आम्हाला. जबाबदार कोण?"

खरं सांगतो, तो प्रश्न इतक्या महिन्यांनी ऐकून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नेहमी चाकूरला चहा होतो, त्या दिवशी अप्पांनी चाकूरकडे बघितलंही नाही. वर्कशॉपात शिरताच त्यांनी बॉनेट उघडून मॅनेजरला हाताला धरून आणलं. गळ्यात टाय घातलेला मॅनेजर म्हणाला, "सर, आपण एसीत बसून घ्या, मी सुपरवायझरला विचारतो." सुपरवायझर म्हणाला, मेकॅनिकनं बघायला पाहिजे होतं. मेकॅनिक सलीमभाई म्हणाला, स्टोअरमधून फिल्टर मिळालाच नव्हता. स्टोअरवाला म्हणाला, कंप्युटरवर फिल्टर गेलेला दिसतोय. अशा रीतीनं दोष हळूहळू कंप्युटरपाशी येऊन थांबला आणि सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. माझं डोकं तापलं. एवढी माणसं पगार घेतात आणि चूक करायला मात्र कोणीच हजर नसतं.

अप्पा म्हणाले, "कंप्युटर जबाबदार हाय? मग बोलवा त्याला भायेर."

त्यावर मात्र मॅनेजरनं माघार घेतली. नवा फिल्टर, फुकट, आत्ता, समोर उभं राहून बसवून देतो म्हणाला. सलीमभाईनं जुना फिल्टर उपसून काढला आणि सवयीनं दुसऱ्या हातानं हवेची गन उचलली. जुना असो, नवा असो, फिल्टर हातात आला की धूळ उडवायची, ही त्या लोकांची रीत.

"हवा मारू नको!"

अख्खं वर्कशॉप थांबलं. पलीकडे गाडी धुणाऱ्यानंही पाणी बंद केलं.

"अप्पा, जुना हाय," सलीमभाई गोंधळून म्हणाला. "फेकायचाच हाय."

"फेकायचा न्हाई. दे इकडं."

मॅनेजर घाबरला. पुरावा म्हणून नेताय का, ग्राहक मंचात जाताय का, असं काहीबाही विचारू लागला. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यात फिल्टर ठेवला आणि रेघांना कापड घासणार नाही अशी घडी घालत बसले. तेव्हा मला कळलं. मी उगाच स्पेअर पार्टच्या जाहिराती वाचत उभा राहिलो.

"माफी माग," मॅनेजर सलीमभाईला म्हणाला.

"चुकलं अप्पा. त्या दिवशी स्टोअरवाला जेवायला गेलता. मी हायच तो तसाच ठिवला."

अप्पांनी मान वर केली. "झटकला पण न्हाईस?"

"न्हाई."

"हवा?"

"हवा पण न्हाई मारली. झाकणच उघडलं न्हाई, खोटं कशाला बोलू?"

अप्पांनी घडीची शेवटची कड आत खोचली. मग म्हणाले, "बरं केलास."

मॅनेजरला काहीच समजेना. अप्पांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण उठता उठता त्यांनी आवाज चढवला. "पुन्ना असं केलास तर याद राख. सोडणार न्हाई."

परतीच्या वाटेवर फिल्टर माझ्या मांडीवर होता. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरला त्यांनी गाडी हॉटेलसमोर लावली आणि चहा न सांगताच बॉनेट उघडलं.

"नवा तसाच बसवला की सर. लावा."

त्यांच्या डबीतलं भस्म मी ओलं केलं आणि नव्या फिल्टरच्या काठावर तीन बोटं ओढली. चांगल्या सरळ रेघा आल्या. अप्पा वाकून बघत राहिले.

"मधली जरा तोडा," ते म्हणाले.

मी नखानं मधली रेघ मध्येच पुसली. भर दुपारचं ऊन होतं, तरी अप्पा शेजारी टॉर्च धरून उभे होते, आणि उजेड सगळा माझ्या तोंडावर येत होता.