एन्जॉय म्हटलं की गप्प

ताडकळसच्या आठवडी बाजारात तुम्ही वांगी निवडताय आणि मागून कुणी एकदम “वॉन्ट” म्हणालं, तर दचकू नका. ते आमचे लोखंडे सर. निमूटपणे “टू” म्हणायचं आणि पुन्हा वांग्यांकडं वळायचं. उत्तर मिळेपर्यंत सर हलत नाहीत. वांगी विकणारासुद्धा त्यांचाच विद्यार्थी, तोही तागडी धरल्या धरल्या “टू” म्हणून घेतो. माझं गावात मेडिकलचं दुकान आहे, दोन लेकरांचा बाप आहे मी. तरी सरांची सायकल दिसली की हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडं जातो.

सरांच्या घरच्या शिकवणीची पद्धतच तशी होती. सर इंग्रजी क्रियापद म्हणणार, वॉन्ट, ट्राय, होप, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून “टू” ओरडायचं. या शब्दांमागं टू आल्याशिवाय पुढचं काम होत नाही. पण मधेच सर आवाज न बदलता “एन्जॉय” म्हणत. त्याच्यामागं टू चालत नाही, म्हणून तिथं चिडीचूप बसायचं. ती शांतता भयंकर असे. सर चष्म्यावरून एकेकाचं तोंड बघत फिरायचे आणि आम्ही ओठांवर आलेला टू गिळायचो. कुणाचा सुटलाच, तर सर थंडपणे म्हणत, “एन्जॉयला शेपूट लावायलास का रे? भायेर हो.”

भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. तिथं सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, भाकरी थापत असत. काकूंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण सर “होप” म्हणाले की आमच्या आधी आतून “टू” यायचा. आणि एन्जॉयला भाकरीची थापसुद्धा थांबायची. “बघा, आतली विद्यार्थिनी एकदा बी चुकत न्हाई,” असं म्हणताना सर चक्क हसायचे.

सगळं गाव ज्यांना भितं, ते सर स्वतः मात्र कमालीचे भित्रे. वीज कडाडली की मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यात. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा, त्याला डुलकी लागते का ते बघायला. चुडाव्याहून रेल्वे गाठायची, तर आदल्या दिवशी जाऊन स्टेशन जागेवर आहे ना बघून येणार. वर आम्हालाच सांगणार, “भीती लय कामाची चीज हाय. भिणारा माणूस गॅस बंद करूनच निघतो.”

यंदा संक्रांतीनंतर काकूंना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे तोंडपाठ असेल ते त्यांच्याकडून म्हणवून घेत राहा, बोलणं परत येईलही, नाही येणार असंही होईल. सर गोळ्या न्यायला दुकानात आले, तेव्हा मी बटण लावून तयार उभा होतो. त्यांनी काहीच विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या न विचारण्याची भीती वाटली. बाजारातही त्यांचा आवाज बंद झाला.

परवा दुपारी गोळ्या द्यायला मीच घरी गेलो. काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. समोर स्टुलावर सर.

“वॉन्ट,” सर म्हणाले.

काकूंचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा जोर केला, मानेच्या शिरा ताणल्या. मी दारातूनच ओठांनी “टू” करून दाखवायला लागलो, तर सरांनी हात वर करून मला थांबवलं. काकूंच्या डोळ्यांत भीती उतरली होती. चुकलेल्या पोराच्या डोळ्यांत असते तशीच, मी ती चांगली ओळखतो.

सरांनाही ती दिसली. त्यांनी टॉवेलनं काकूंची हनुवटी पुसली, सरळ बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले,

“एन्जॉय.”

काकू गप्प. मी गप्प. सरांनी चष्म्यावरून एकदा काकूंकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“शाब्बास. एकदा बी चुकत न्हाई.”

काकूंचा अर्धाच ओठ हसला.

सर मला सोडायला फाटकापर्यंत आले. गोळ्यांची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

“दिवसभर एन्जॉयच इचारायलोय,” ते हळूच म्हणाले. “वॉन्ट रोज एकदाच इचारतो. दुसऱ्यांदा इचारायचं मला भ्या वाटायलंय रे.”