ओगुसुसान आणि त्यांचा अज्ञात दाता

ओगुसुसानांच्या फॉर्मवर दोन रकाने होते. एक रुग्णाच्या नावाचा, दुसरा दात्याच्या. दोन्हींत त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं, कारण तेच खरं होतं. मे महिन्यात त्यांच्या रक्तातून मूळपेशी काढून गोठवून ठेवल्या होत्या. जुलैत जबरदस्त केमो देऊन आजाराबरोबर त्यांच्या हाडांमधला रक्ताचा कारखानाही साफ करून टाकला होता. आज त्या पेशी वितळवून त्यांच्याच अंगात परत सोडायच्या होत्या. नाही सोडल्या तर नवं रक्त तयार होणार नव्हतं, आणि रक्ताशिवाय माणसाला फार दिवस काढता येत नाहीत. 'सोबत कोण असेल' या तिसऱ्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली होती. पट्टी लावून.

सुगिनोमेंची एप्रिलमध्ये हॉस्पिटलच्या पार्किंग विभागातून प्रत्यारोपण समन्वयक म्हणून बदली झाली होती. माणूस सरळ. नियमावली त्यांनी तीनदा वाचली होती आणि चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं : दाता आणि रुग्ण यांना एकमेकांची ओळख सांगू नये.

"अहो, पण दाता तेच आहेत," मिनाबे म्हणाली. ती तळघरातल्या पेशींच्या प्रयोगशाळेत एकटीच काम करायची, पेशी गोठवून ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या चार टाक्यांच्या सोबतीने. टाक्यांना तिने नावं ठेवली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण खाली सांगायला कुणी नव्हतं.

"तेच आहेत. मी कुठं नाही म्हणतोय?" सुगिनोमे म्हणाले. "पण अपवाद लिहिलेला नाही."

"मग वरती विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, नियमात बघा."

नियमाप्रमाणे पेशी वितळवण्याआधी दात्याला कळवायचं असतं. सुगिनोमेंनी दात्याच्या घरी फोन लावला. टेप वाजली : "मी ओगुसु. सध्या हॉस्पिटलात आहे. निरोप असेल तर ठेवा." मग जरा थांबून, "नसला तरी चालेल."

सुगिनोमेंनी निरोप ठेवला. रुग्णाचं नाव सांगता येत नाही, पण आज दहा वाजता आपल्या पेशी एका गरजू माणसाला दिल्या जातील, आपले फार उपकार आहेत, वगैरे.

दहा वाजता मिनाबे थंड वाफा सोडणारा डबा घेऊन ओगुसुसानांच्या खोलीत पोचली. वाटेत सुगिनोमेंनी नियमाप्रमाणे तो उघडून तपासला होता. सदतीस अंशांचं पाणी तयार होतं. तिने पिशवी बाहेर काढली. पाण्यात सोडण्याआधी दोघांनी बोट रोखून नाव आणि नंबर मोठ्याने वाचायची पद्धत आहे. डॉक्टर शेजारी उभे राहिले. मिनाबेने बोट रोखलं.

"नाव..." तिथे काळी चिकटपट्टी होती.

"नंबर..." तिथेही.

तिने ओगुसुसानांचं मनगट उचललं. मनगटावरच्या पट्ट्यावरही काळी चिकटपट्टी.

"सुगिनोमेसान!"

"रुग्णाच्या मनगटावर चक्क दात्याचा नंबर होता," सुगिनोमे दारातून म्हणाले. "वेळेवर दिसलं म्हणून बरं."

"काढा त्या पट्ट्या!"

"काढल्या तर ओळख सांगितल्यासारखं होईल."

"हे बघा, डब्याबाहेर आली की पिशवी तापायला लागते. परत गोठवता येत नाही. दुसरी पिशवी नाहीये. ही गेली," मिनाबेने पिशवीवर बोट रोखलं, "की हे गेले." मग तिने ओगुसुसानांवर बोट रोखलं. पद्धतशीर.

"पोरी, मी एक सांगू?" ओगुसुसान म्हणाले. त्यांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर काढली होती. "बेनावी पिशव्या आमच्याकडे रोज यायच्या. पिशवी कुणाची ते आम्ही कधी सांगायचो नाही. मालकालाच विचारायचो. विचार मला."

सुगिनोमेंनी पानं उलटली. "'सांगू नये' असं आहे. त्यांना स्वतःहून ओळख पटली, तर..."

"तर?"

"काहीच लिहिलेलं नाही."

"पिशवी कधी सुटली?" मिनाबेने घाईघाईने विचारलं.

"चौदा मे. मंगळवार."

"कुठे?"

"दुसरा मजला, खिडकीजवळचं मशीन. पाच तास हात हलवायचा नव्हता."

"काही खूण?"

"माझं नाक खाजत होतं. पिशवी न्यायला आलेल्या मुलीने खाजवून दिलं. तूच ना ती?"

ही नोंद कागदोपत्री कुठेच नव्हती. पण मिनाबेला आठवत होतं. त्या आख्ख्या आठवड्यात तिचा हात लागलेला तो एकच माणूस होता.

"जुळतंय," ती म्हणाली.

"मालकाला ओळख पटली!" सुगिनोमेंनी सुटकेचा श्वास टाकला आणि भराभर सगळ्या पट्ट्या स्वतःच सोलल्या. खालची नावं जुळली, नंबर जुळले. दोन बोटांनी, दोन आवाजांत. पिशवी पाण्यात गेली, मऊ पडली, टांगली गेली आणि बारा मिनिटांत ओगुसुसान परत ओगुसुसानांत गेले.

"कुठं मका शिजतोय का?" त्यांनी नाक वर करून विचारलं.

"गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून औषध घालतात, त्याचा वास. दोन दिवस तुमच्या अंगाला येईल."

"भेटायला येणाऱ्यांना काय वाटेल!"

सुगिनोमेंनी फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यातली रेघ बघितली.

"गंमत केली," ओगुसुसान म्हणाले.

चार दिवसांनी सुगिनोमे खजील होऊन एक कोरा कागद घेऊन आले. रुग्ण दात्याला आभाराचं पत्र पाठवू शकतो. नाव-गाव लिहायचं नाही. ओगुसुसानांना बऱ्याच वर्षांत पत्र लिहायला कुणी मिळालं नव्हतं. त्यांनी तीन आठवडे घेतले. सुगिनोमेंनी ते तपासलं, ओळख पटेल म्हणून नाकाबद्दलचं वाक्य खोडलं, आणि टपालात टाकलं.

ऑगस्टअखेर ओगुसुसान घरी आले. फोनवर एका निरोपाचा दिवा लुकलुकत होता. तो त्यांनी दोनदा ऐकला. पत्रपेटीत सुशीच्या दुकानाची जाहिरात होती आणि एक पाकीट. त्यांनी बूट न काढताच वाचलं :

'आपली ओळख नाही. तरी माझ्यासाठी आपण पाच तास हलला नाहीत. माझं रक्त आता तयार होतंय. आपण एकटे राहत असाल, तर जेवण टाळू नका.'

त्यांनी पायरीवर बसून बूट काढले. मग भात लावला. मग हॉस्पिटलात फोन केला.

"सुगिनोमेसान, दात्याला रुग्णाच्या पत्राचं उत्तर लिहिता येतं का हो?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "येतं. एकदा. पण ओळख कळता कामा नये."

"नाही कळणार," ओगुसुसान म्हणाले. "मीही त्यांना तसा फारसा ओळखत नाही."