लेले काकांची वामकुक्षी

दुपारी एक वाजला की लेले काका शिट्टी वाजवतात. पी.टी.च्या मास्तरांकडे असायची तसली, काळ्या दोरीची. मिशिगनमधल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर आमचं मंडळ उतरलेलं असो, शिट्टी झाली की अकराच्या अकरा ट्रेलर चिडीचूप व्हायला हवेत. पोरांनी सायकली टाकायच्या, मोठ्यांनी गप्पा आवरायच्या, पत्त्यांचा डाव असेल तसा पालथा घालायचा आणि सगळ्यांनी आत जाऊन आडवं व्हायचं. तीन वाजता दुसरी शिट्टी. शेजारच्या ट्रेलरमधल्या एका अमेरिकन आजोबांनी एकदा दबकत विचारलं, हे तुमचं काही धार्मिक आहे का? काका म्हणाले, “येस. व्हेरी.” बिचाऱ्यांनी त्या दिवशी दुपारी स्वतःचा रेडिओसुद्धा बंद ठेवला.

आम्ही मिशिगनमधल्याच नोव्हाय गावची मंडळी बहुतेक मोटारींच्या धंद्यातली. आठवडाभर गाड्यांचे भाग तपासायचे आणि सुट्टी मिळाली की त्याच गाडीच्या मागे ट्रेलर जोडून कुठल्यातरी तळ्याकाठी जाऊन राहायचं. हे मंडळ काकांच्या पिढीने काढलं. आम्ही तिशी-पस्तिशीतली जोडपी मागाहून आलो, कुणी जुना ट्रेलर घेऊन, कुणी भाड्याचा घेऊन.

काका रिटायर्ड इंजिनियर. जन्मभर मापं घेतल्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार, टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याइतपत फरकाचं, आणि टॉलरन्सबाहेर. माझ्या बायकोने, मेधाने, पहिल्या ट्रिपला सगळ्यांसाठी उपमा केला. काका दोन घास खाऊन म्हणाले, “टॉलरन्समध्ये आहे.” मेधा दिवसभर धुसफुसत होती. शेवटी लेले काकूंनी तिला बाजूला घेतलं. “अगं, मनावर घेऊ नकोस. मला बघून गेले तेव्हा घरी जाऊन हेच म्हणाले होते.”

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मात्र मंडळात फूट पडायची वेळ आली. मंडळ कुणासाठी चालवायचं, तरुणांसाठी की म्हाताऱ्यांसाठी, असा सरळ प्रश्न होता. ज्येष्ठांना वीजजोडणी हवी, बाथरूम जवळ हवी, दोन तासांच्या पलीकडे ड्राइव्ह नको. आम्हाला लांब जायचं होतं, तळ्यात कयाक वल्हवायच्या होत्या आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ती वामकुक्षी कॅन्सल करायची होती. दिवसातले उन्हाचे चांगले दोन तास झोपून घालवायला आम्ही काय पेन्शनर होतो? तरुणांचा पुढारी मी. मी तर पिकनिक टेबलावर लॅपटॉप ठेवून पॉवरपॉइंट दाखवलं. नवीन लोक आले नाहीत तर दहा वर्षांत मंडळ बंद पडेल, असा एकंदर सूर होता.

काकांनी सगळ्या स्लाइड शांतपणे पाहिल्या. मग म्हणाले, “तरुणांना अख्खी अमेरिका मोकळी आहे. म्हाताऱ्याला दुपारचे दोन तास द्यायला तुमच्या जिवावर येतं? हे टॉलरन्सबाहेर आहे. वामकुक्षी गेली तर माझा ट्रेलरही गेला, आधीच सांगून ठेवतो.”

माझा मित्र समीर हळूच म्हणाला, “यार, झोपेसाठी एवढं इमोशनल?”

काकू स्वेटर विणत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “झोपतंय कोण!” काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा टाके मोजायला लागल्या.

निर्णय सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत घ्यायचा ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी सगळे कॅम्पग्राउंडवर पोचले, मतदान रविवारी सकाळी पोह्यांबरोबर होणार होतं. शनिवारी दुपारी नेहमीप्रमाणे शिट्टी झाली. मेधा आणि मुलगी गाढ झोपल्या. मी रविवारच्या भाषणाची जुळवाजुळव करत पडलो होतो, तेवढ्यात खालून ‘फुस्स’ असा आवाज आला. मग कसलीशी खरखर. मला वाटलं, खाणं हुंगत आलेला रकून असेल. अनवाणीच बाहेर आलो, तर माझ्या ट्रेलरच्या चाकापाशी चटई पसरून लेले काका आडवे झाले होते. एका हातात हवा मोजायचा गेज, शेजारी पायाने मारायचा पंप.

“झोपला नाहीस?” तेच मला रागावले. “शिट्टी ऐकू आली नाही?”

“काका, तुम्ही काय करताय?”

“हळू बोल. या टायरमध्ये अकरा पाउंड हवा कमी आहे. यावर बायकोमुलीला घेऊन हायवेवर सत्तरने येतोस. लाज नाही वाटत?”

“मला सांगायचं ना.”

“तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तू म्हणालास, बघतो काका. तुमची सगळी पिढी बघतो म्हणते.” ते कोपरावर रेलून उठले. “गाडी रात्रभर उभी राहिली की टायर थंड होतं, तेव्हाच मोजायचं असतं. सकाळी मोजायला गेलं तर तुम्ही सगळे मधे मधे येता. म्हणून दुपारची सावली धरतो. अकरा ट्रेलर आहेत, दोन तास कसेबसे पुरतात.”

मी खाली मातीत बसलो. पाच वर्षं दर ट्रिपला या माणसाने आमची चाकं तपासली होती आणि त्याच दोन तासांविरुद्ध मी पॉवरपॉइंट केलं होतं. मला माझीच फार शरम वाटली.

“लोकांना सांगूया काका. उद्या सगळे तुमच्या बाजूने मत देतील.”

“अजिबात नाही. उगीच थँक्यू म्हणत बसतील. मग आपापली हवा बघायला लागतील. मग मी काय करू?”

हे शेवटचं ते जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले. मी पंपावर पाय ठेवला, त्यांनी गेज धरला. हवा भरता भरता, माझ्याकडे न बघता, ते निखिलबद्दल बोलू लागले. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा, अ‍ॅरिझोनात असतो.

“कॉलेजातून सुट्टीला आला की दुपारपर्यंत लोळत पडायचा. मी तेवढ्यात त्याच्या गाडीत हवा भरून ठेवायचो. आमचं दोघांचं बोलणं बेताचंच. पण हवा भरलेली असायची. नोकरीला लागला, लांब गेला, तेव्हा दर रविवारी फोनवर विचारायचो, हवा बघितलीस का? मग तो सांगायचा, मग मी तिकडच्या उन्हाळ्याचं विचारायचो, मग त्यातून ऑफिसचं निघायचं. दहा-पंधरा मिनिटं सहज जायची. आता त्याने नवीन गाडी घेतली. परवा विचारलं तर म्हणाला, डॅड, द कार टेल्स मी. हवा कमी झाली की समोर दिवा लागतो. मी फोन काकूकडे दिला.”

काका थोडं हसले. “तुला माहितीय का, टायरमधला तो सेन्सर आमच्याच टीमने केला. रिटायर व्हायच्या आधीची माझी सहा वर्षं त्यात गेली. फार चांगलं काम झालं ते. कितीतरी माणसं वाचतील.”

ट्रेलरांना असा दिवा नसतो, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

रविवारी पोहे खाऊन झाल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, कयाक ठेवू, लांबच्या ट्रिपाही करू, पण वामकुक्षीला हात लावायचा नाही. समीर खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होता. “अरे, तूच तर सगळं सुरू केलंस!” मी म्हटलं, मला हल्ली दुपारी फार झोप येते. तरुणांचा पुढारी असा फितूर झाल्यावर बाकीच्यांचाही जोर ओसरला. ठराव पडला. काकांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

ऑक्टोबरात झाडांचे रंग बघायला निघायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी ड्राइव्हवेत ट्रेलरची चारही चाकं तपासली. हवा बरोबर होती. मग डावीकडच्या एका चाकातली तीन पाउंड हवा सोडली. धोका नाही, पण काकांना सापडेल इतकी.

कॅम्पग्राउंडवर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत डोळे मिटून पडलो होतो. चटई पसरल्याचा आवाज आला, गेजची ‘फुस्स’ झाली. मग बाहेरून काका स्वतःशीच, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, “गाढव!” आणि पंप सुरू झाला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पडल्या पडल्या मनात आलं, कॉलेजातून सुट्टीला आलेला निखिल तरी त्या वेळी खरंच झोपलेला असायचा का?

त्या रविवारी मी काकूंकडून त्याचा नंबर घेतला.