झुंबरबाईचा ठोकळा

वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर बायकोचं चित्र हवं, असं धनसिंगनं जळगावच्या छापखान्यात सांगितलं, तेव्हा मालक नेमीचंद शेठनं साहजिकच विचारलं, "फोटो आणलाय?"

"फोटो नही, शेठ."

एकदा जत्रेत फोटोवाला आला होता. पण फोटो काढला की आयुष्य घटतं, म्हणून झुंबरबाई त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. फोटो न काढताच ती पन्नाशीच्या आत गेली. जामनेरजवळच्या खेड्यातल्या घरात धनसिंग आता एकटा होता, आणि तिच्या नावानं एकदा तरी काही नीटनेटकं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

शेठ भला माणूस. "हे बघा धनसिंगभाऊ," त्यानं समजावलं, "नुसता मजकूर असेल तर शिशाचे खिळे जुळवून छापू. स्वस्तात पडेल. चित्र पाहिजे तर दोन वाटा. फोटोवरून जस्ताचा ठोकळा, तो मुंबईहून करून आणावा लागतो आणि दर चौरस इंचावर. नाहीतर शिळाछाप. आमचा भटू चितारी दगडावर हातानं चित्र काढेल. पण दगड घासण्यापासून सगळी मजुरी आली."

फोटोच नाही म्हटल्यावर दगडाला पर्याय नव्हता. भटू पेन्सिल घेऊन समोर बसला. "नाक कसं होतं?"

धनसिंगनं डोळे मिटले. "नाक... नाकसारखंच."

"बरं, डोळे?"

"दोन."

"बारीक की टपोरे, भाऊ?"

धनसिंगनं पुन्हा डोळे मिटले. तिच्या जोडव्यांचा आवाज आठवत होता, ती रागावली की भांडी कशी आपटायची ते आठवत होतं. चेहरा मात्र आठवू जावं तसा विरत चालला. एका छपराखाली अख्खा संसार केला आणि बायकोचं नाक सांगता येईना! त्याला इतकी लाज वाटली की तो उठलाच.

शेठला दया आली. त्यानं कपाटातून एक जुना ठोकळा काढला. कुठल्याशा बंद पडलेल्या केसतेलाची जाहिरात होती ती: चापूनचोपून नेसलेली एक देखणी बाई, हातात बाटली. "बाटली कानशीनं घासून टाकतो. ठोकळ्याचे पैसे नकोत."

बाटली गेली, पण हात वरच राहिला.

"आशीर्वाद देताहेत असं वाटेल," शेठ म्हणाला.

धनसिंगला पत्रिका पंचवीसच हव्या होत्या. "पंचवीस छापा की तीनशे, खिळ्यांची जुळणावळ तीच, यंत्रावर चढवायची मजुरी तीच. वाढतो तो फक्त कागद," शेठ म्हणाला. कापूस विकणाऱ्या माणसाला हा हिशेब नवा होता, पण एकदा पटला तसा पुरताच पटला. त्यानं तीनशे घेतल्या.

घरी बहीण भागाबाईनं गठ्ठा पाहून कपाळावर हात मारला. "मरेल मानूसनी पत्रिका घरमा ठेवतस का, भाऊ? आते बठ्ठ्या वाटना पडतीन!"

मग वाटल्या. नातलग संपले तशी शेजारची गावं धरली. तीही संपली तेव्हा जामनेरच्या बाजारात ओळखी-अनोळखीच्या हातात दिल्या. छपाईत वाचलेला पैसा डाळ-तांदळात गेला, आणि श्राद्धाला एवढी माणसं लोटली की पंगती अंगणातून रस्त्यावर गेल्या.

पाटावर पत्रिका ठेवून तिला हार घातला होता. जो तो वाकून बघत होता. "हुबेहूब!" "आते बोलीन असं वाटस!" एक म्हातारा त्या हाताकडे बघून म्हणाला, "पंगतमा 'पुरे आते' म्हने ना, तसाच हात." धुळ्याहून आलेली लेक प्रमिला डोळे पुसत होती, आणि भागाबाईनं तर पाटापुढे बसून हंबरडाच फोडला.

धनसिंग बघत राहिला. वर्षात एकच दिवस तिचा, आणि तोही ही तेलवाली घेऊन बसली. तिला ओळखणारं या गर्दीत कुणीच उरलं नाही, असं त्याला वाटलं, आणि तो एकदम ओरडला.

"हाई ती नही शे! बठ्ठा आंधया शेतस का? तिनं नाक बसकं व्हतं! हनवटीवर गोंदन व्हतं! ठिनगी उडीसन भुवई तुटेल व्हती, तठे पुन्हा केसच उनात नही! दात पुढे व्हतात म्हनीसन पदरमा तोंड लपाडीसन हासे!"

धनसिंग थांबला. आपल्या तोंडून काय काय बाहेर पडलं, ते त्यालाच आता कळत होतं.

"माले पहिला दिनपासून माहीत व्हतं, भाऊ," भागाबाई हळूच म्हणाली. "मनी भावजाई इतली गोरीगोमटी कवय व्हती? पन तू इतला लांब जाईसन छापी आनं. कसं सांगू? मी रडनू, ते ह्या कागदकरता नही."

प्रमिलानं मान खाली घातली. म्हातारा पत्रावळीकडे बघू लागला. सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकट्या धनसिंगचं मन मोडू नये, म्हणून अख्खी पंगत खोटं बोलत होती.

"पन भुवई उजवी तुटेल व्हती," भागाबाई म्हणाली.

"डावी, आत्या."

"उजवी! तू लहान व्हतीस."

"माय मनी व्हती, आत्या! डावी!"

वाढपी भांडी धरून उभे. वरण निवत चाललं. दोघी हट्टाला पेटल्या आणि शेवटी धनसिंगकडे वळल्या.

तो खाली बसला. रोज जेवताना ती जेवढ्या अंतरावर बसायची, तेवढ्यावर त्यानं समोर रिकाम्या जागेत हात नेला. बोट जरा आपल्या उजवीकडे सरकवलं, मग जरा खाली आणलं, आणि तिथंच धरून ठेवलं.

"डावी," तो म्हणाला.

मग कुणी वाद घातला नाही.