चित्रातील इसम मीच

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले पेंडसे नाना हे माझ्या माहितीतले एकमेव गृहस्थ आहेत, जे शिंकायच्या आधी परवानगी मागतात. "प्राची, शिंकू का?" मी "थांबा, कान राहिलाय" म्हटलं, की ते शिंक खरोखर थोपवून धरतात. त्यात त्यांचा चेहरा जांभळा होतो आणि माझा कान बिघडतो.

याला कारण माझं शिक्षण. गेल्या वर्षी मी ठाण्याच्या एका कॉलेजात चित्रकला आणि डिझाइन शिकायला लागले. पहिल्याच आठवड्यात सरांनी फर्मान काढलं, की रोज वीस स्केचेस करायची, तीही जिवंत माणूस समोर बसवून. आईला वेळ नव्हता. बाबा बसल्या जागी झोपायचे आणि जिवंत आहेत हे सरांना पटवावं लागायचं. समोरच्या ब्लॉकमध्ये एकटेच राहणारे नाना मात्र एका पायावर तयार झाले. "तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होतो. बसण्याचाच अनुभव आहे मला."

नाना त्यांच्याच घरी, माझ्या स्टुलासमोर बसायचे तेही ऑफिसला बसल्यासारखे. ठीक चार वाजता, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मध्येच उठावं लागलं तर परत तसंच बसता यावं म्हणून खुर्चीच्या पायांभोवती आणि स्वतःच्या चपलांभोवती खडूने रेघा मारलेल्या. एकदा कामवाल्या मावशींनी लादी पुसली, तेव्हा "पुरावा नष्ट केलात तुम्ही" असं नानांनी त्यांना सुनावलं. मावशी दोन दिवस आल्याच नाहीत.

खरी पंचाईत पुढेच होती. प्रत्येक स्केच नाना चष्मा लावून तपासायचे आणि खाली लिहायचे, "चित्रातील इसम मीच. पडताळले." मग सही आणि तारीख.

"नाना, कशाला?"

"नोकरीभर साहेबांच्या सह्या आणल्या गं. आपली कुठे चालायची नाही. इथे चालते."

कागदाकडे न बघता चित्र काढायचा एक अभ्यास आम्हाला होता. त्यात नानांचा बटाटा झाला आणि एक डोळा गालावर उतरला. नानांनी बराच वेळ न्याहाळलं आणि लिहिलं, "इसम मीच. डोळ्याबाबत चौकशी व्हावी."

पहिल्या वर्षात मला हात काही जमले नाहीत, पण नाना तोंडपाठ झाले. वर्षअखेरीस सरांनी माझ्या वह्या चाळल्या, शेरे वाचून पोट धरून हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "अगं, वर्षभर एकच म्हातारा? पंधरा दिवसांत दुसरी माणसं काढून आण, नाहीतर वर्ष गेलं समज."

मग काय, शीळफाट्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत दिसेल त्याला कागदावर उतरवत फिरले. रिक्षावाले, भाजीवाल्या, मासळी बाजारातल्या कोळणी. त्यातली एक म्हणाली, "काढ काढ, पन पापलेट नीट काढ." शिंकायला परवानगी कुणीच मागितली नाही. नानांना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून मी काहीच सांगितलं नाही. त्यांच्या दारावरून जाताना पाय न वाजवता जायचे.

पास झाले. निकालाच्या दिवशी चारच्या सुमारास पेढे घेऊन गेले, तर नानांचं दार उघडंच होतं. नाना खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हनुवटी किंचित वर, नजर खिडकीच्या कडीवर. समोर माझं स्टूल रिकामं.

"नाना, हे काय?"

मान न वळवता ते म्हणाले, "रोज बसतो. सवय मोडायला नको." मग म्हणाले, "पण समोर कुणी नसलं की तास फार लांबतो गं. आमची ही गेल्यापासून माझ्याकडे इतकं निरखून कुणी बघितलंच नव्हतं."

मला माझीच लाज वाटली. पेढे तसेच पिशवीत राहिले. मी स्टूलवर बसले, मांडीवर वही उघडली आणि तासभर त्यांच्याकडे बघत राहिले. कागदावर एक रेघसुद्धा ओढली नाही.