अकोट्याचा पूल आला बघ

चिटणीसकाकांनी मला फसवलं. तरसालीत माझं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे, शून्यातून उभं केलेलं. भाव करताना मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. आणि मला गंडवलं ते गोत्रीच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या या पेन्शनर म्हाताऱ्यानं!

काकांचा ध्यास एकच. "लोड वाढणार हो शेठ! आज गाडीत कॅमेरा आलाय, पडदा आलाय. उद्या सीट गरम होणार, गाडी तुमच्याशी गप्पा मारणार. एवढी वीज आणणार कुठून? या डबीतून?" डबी म्हणजे माझी बॅटरी. चहाच्या टपरीवर ते सांडलेल्या चहात बोट बुडवून बाकावर उद्याच्या गाडीचं वायरिंग काढत. गुजराती गिऱ्हाइकं "बहु सरस, काका" म्हणत सरकून बसत.

दोनदा त्यांची बॅटरी बसली. "रोज अकोट्यापर्यंत फेरी मारतो, तरी ही गत. तुमचा माल हलका!" तेही टपरीवर, चारचौघांत. मी भांडलो, ओरडलो आणि दोन्ही वेळा गॅरंटीत बदलून दिली. पण गाडी चालली की बॅटरी भरते; रोज फिरणारी गाडी अशी मरेल कशी? एका संध्याकाळी न सांगता त्यांच्या सोसायटीत गेलो.

त्यांच्या गाडीच्या चाकांभोवती कडुनिंबाचा पाला साचलेला, टायर चपटे. इंजिन बंद, पडदा मात्र चालू. आत काका पट्टा लावून, स्टिअरिंग धरून बसलेले. स्पीकरमधून बाईचा आवाज आला, "बाबा, कुठपर्यंत पोचलात?"

"अकोट्याचा पूल आला बघ," म्हणत काकांनी समोरच्या भिंतीला हॉर्न दिला. मग मी दिसलो. "थांब हं, एक शेठ आडवा आलाय."

फोन संपल्यावर त्यांनी काच खाली केली. "कॅनडात ती याच वेळी गाडीनं ऑफिसला निघते. डॉक्टरांनी माझं ड्रायव्हिंग बंद केलंय. सांगितलं तर म्हणेल, घरात बसून बोला. घरात आम्हाला बोलता येत नाही हो. तिला क्लासला सोडायचो ना, तेव्हा जे काय बोललो ते गाडीतच."

मी जिन्याखालच्या प्लगमधून वायर ओढली आणि चार्जर लावून दिला.

पण माझा माल हलका नव्हता. काका, हे तुम्ही त्याच टपरीवर, चारचौघांत कबूल करायचं. आणि कॅनडातल्या ताई, जाब तुम्हीही द्या. रोज तुमच्या वडिलांचा अकोट्याचा पूल येतो, पण पुलापलीकडे ते कधीच जात नाहीत. हे तुमच्या एकदाही लक्षात आलं नाही?